स्फुरदाचा एकेरी प्रवास

पुण्यात मुळा-मुठेच्या पात्रात जलपर्णी माजली की ती काढण्याच्या निविदा निघतात आणि खाली उजनीच्या जलाशयाचे पाणी हिरवे पडले की सोलापूरकडून तक्रारी येतात. दोन्हीकडे चर्चा होते ती घाणीची. वास्तविक हा प्रश्न घाणीइतकाच जमाखर्चाचा आहे. धान्याबरोबर शहरात आलेले अन्नद्रव्य शेतात परत न जाता नदीवाटे धरणात साचते, आणि शेतकरी तेच द्रव्य आयात खताच्या गोणीतून पुन्हा विकत घेतो.

निसर्गातील सर्व अन्नद्रव्यांची चक्रे सारखी नसतात. हवेचा ७८ टक्के भाग नत्राचा आहे. काही जिवाणू ते जमिनीत आणतात, दुसरे ते पुन्हा हवेत सोडतात. स्फुरदाला ही सोय नाही. खडक झिजला की ते मातीत उतरते, मातीतून पिकात, पिकातून जनावरांच्या व माणसांच्या शरीरात जाते आणि मलमूत्रावाटे पुन्हा मातीत येते. हे वर्तुळ तुटले की ते पाण्याच्या तळाशी जाऊन बसते. पुढचा परतीचा मार्ग भूगर्भाच्या हालचालींचा, म्हणजे लक्षावधी वर्षांचा. नत्रखत हवेपासून कारखान्यात करता येते. स्फुरद मात्र खणावेच लागते. जगातील ज्ञात साठ्यांचा मोठा भाग मोरोक्कोच्या ताब्यात आहे. भारतात उदयपूरजवळ झामरकोट्याची खाण आहे, तरी देशाची बहुतेक गरज आयातीवरच भागते.

पाणी हिरवे कशाने होते, याचा एक निवाडा १९७३ मध्ये कॅनडात झाला. डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंटारिओतील एका तळ्याच्या मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. कर्ब व नत्र दोन्ही भागांत घातले, स्फुरद एकातच. तेवढाच भाग शेवाळाने भरून गेला. धुण्याच्या पावडरीचे उत्पादक तोवर दोष कर्बावर ढकलत होते. त्यांचा युक्तिवाद त्या पडद्यापाशी संपला. नत्राचा वाटा किती, यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, परंतु गोड्या पाण्यात स्फुरद ही कळीची गोष्ट आहे, याबद्दल फारसा मतभेद उरलेला नाही.

आता थोडे गणित. माणसाच्या मलमूत्रातून दररोज साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक स्फुरद बाहेर पडते. २०११ च्या जनगणनेत पुणे नागरी समूहाची लोकसंख्या ५० लाखांवर होती. आज ती बरीच वाढली आहे. ५० लाखच धरली, तरी रोजचे स्फुरद पाच हजार किलो होते. ५० किलोच्या डीएपी गोणीत मूलद्रव्य स्वरूपातील स्फुरद दहा किलो असते. म्हणजे एक शहर रोज पाचशे गोण्यांइतके स्फुरद मैलापाण्यात सोडते. गोणीच्या १,३५० रुपये विक्रीकिमतीने ही रक्कम पावणेसात लाख रुपये होते, आणि अनुदानाचा भार याहून वेगळा. सगळेच धरणात पोहोचत नाही; काही गाळात अडकते, काही कालव्यांवाटे शेतात परतते. परंतु ते शेतात परततेच, तर योगायोगाने, कोणी हिशेब ठेवून नव्हे.

पूर्वी नगरपालिका सोनखत करून विकत, आणि ऊसवाले बागाईतदार ते घेत. ती व्यवस्था स्वस्त होती, कारण तिचा खरा खर्च मैला डोक्यावरून वाहणाऱ्या जातींनी सोसला होता. ती परत यावी असे कोणीही म्हणू नये. परंतु ती मोडताना माणसाची सुटका करावयाची होती; द्रव्य नदीत सोडावे, असा त्याचा अर्थ नव्हता.

देखरेखीची स्थिती याहून चमत्कारिक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. त्यांच्या निकषांत प्राणवायू, बीओडी, कोलिफॉर्म जिवाणू, अमोनिया, अगदी बोरॉनही आहे, स्फुरद नाही. प्रदूषित नदीपट्ट्यांची यादीही बीओडीवरूनच ठरते. २०१८ च्या यादीतील ३५१ पट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते. स्फुरद कोठेच तपासले जात नाही असे नव्हे. वर्गवारीत त्या आकड्याला मत नाही, इतकेच. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी २०१७ मध्ये मानके अधिसूचित झाली, त्यांतही नत्र व स्फुरद वगळले गेले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये अधिक कडक मर्यादा घालण्यास सांगितले. नेहमीच्या जैविक प्रक्रियेने बीओडी उतरतो, परंतु विरघळलेले स्फुरद बऱ्याच अंशी तसेच राहते. केंद्र कागदावर उत्तीर्ण होते आणि जलपर्णीचे पोषण चालू राहते.

मैलापाण्यातून स्फुरद स्फटिकरूपाने वेगळे काढण्याचे तंत्र उपलब्ध आहे. ते येथे रुजत नाही, याचे एक कारण खतांच्या किमतीत आहे. आयात स्फुरदाला सरकार अनुदान देते. त्या किमतीशी परत मिळवलेले स्फुरद स्पर्धा कशी करणार? अनुदान केंद्राच्या खात्यात, जलपर्णीचा खर्च महापालिकेच्या, पाणी शुद्ध करण्याचा सोलापूरच्या. तीन खाती एकत्र मांडली जात नाहीत, म्हणून कोणालाच तोटा दिसत नाही. अनुदानाचा लहानसा हिस्सा मैलापाण्यातून काढलेल्या प्रत्येक किलो स्फुरदाला मिळाला, तर हे गणित बदलू शकेल. मात्र त्यात कारखान्यांतील जड धातू मिसळता कामा नयेत, ही अट कठोरपणे पाळावी लागेल.

विलंबाचीही किंमत आहे. तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेले स्फुरद सुटून पाण्यात येते. आज मैलापाणी थांबवले, तरी जुना साठा जलाशयाला काही वर्षे हिरवा ठेवू शकतो. उजनीत किती टक्के पाणी आहे, हे वर्तमानपत्रांत नियमित छापून येते. दौंडपाशी भीमेतून दर दिवशी किती किलो स्फुरद खाली जाते, हा आकडाही त्याच्या शेजारी छापण्याची व्यवस्था प्रदूषण मंडळ आणि जलसंपदा खाते यांनी मिळून करावयास हवी.