मुद्रिका पाकिटावर डकवूं नये

दुष्यंतास शकुंतलेचें विस्मरण झालें तें दुर्वासांच्या शापामुळें. संकेतस्थळें चालविणाऱ्या सर्व्हर-यंत्रास मात्र विस्मरण जन्मजातच आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हानजीकच्या सर्न या संस्थेंत ज्या एचटीटीपी पद्धतीचा पाया घातला, तींत प्रत्येक मागणी स्वतंत्र समजली जाते. आपण एक पान मागितलें, तें मिळालें, संबंध संपला. लगेच दुसरें पान मागावें, तर मघांचा पाहुणा तो हाच, हें त्या यंत्रास उमगत नाहीं.

नुसत्या वाचनास याची अडचण नाहीं. पण खरेदी किंवा पेढीचा व्यवहार अशानें कसा व्हावा? यासाठीं १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं ‘कुकी’ काढली. सर्व्हर एक लांबलचक, कोणासही तर्क न करतां येणारा क्रमांक ब्राउझरच्या स्वाधीन करतो, व ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर तो मुकाट्यानें दाखवितो. हीच ती मुद्रिका.

परंतु कित्येक लोक आपल्या खासगी गोष्टींच्या काळजीनें कुकी साफ बंद ठेवितात. जपानांतील आय-मोड भ्रमणध्वनींत तर पुष्कळ वर्षें ती सोयच नव्हती. अशांसाठीं जावा, पीएचपी इत्यादि रचनांनीं तोच क्रमांक पत्त्यांत लिहिण्याची युक्ति योजिली. सर्व्हर पान धाडतांना त्यांतील प्रत्येक दुव्यास क्रमांकाचें शेपूट जोडतो. ‘जेसेशनआयडी’ हा शब्द पत्त्यांत दिसला, तर तें शेपूट हेंच.

युक्तीनें काम भागतें खरें. पण मुद्रिका बोटांत न राहतां पाकिटावर डकविली जाते. पत्ता ब्राउझरच्या इतिहासांत राहतो, सर्व्हरच्या नोंदवहींत उतरतो. शिवाय तो आपणच सहज दुसऱ्यास देतों! वहिनींनीं एखादी साडी पसंत करून तिचा दुवा नणंदेस धाडला आणि त्यांत तो क्रमांक राहिला, तर साडीबरोबर वहिनींचें खातें, घरचा पत्ता, मागील खरेदी हेंही नणंदेपुढें उघडें होऊं शकतें. कालिदासाच्या नाटकांत धीवरास सांपडलेल्या मुद्रिकेनें राजास शकुंतला आठवली. येथें धीवरालाच शकुंतला समजून अंतःपुराचें दार उघडलें जातें.

याच्या उलटही डाव आहे. लबाड मनुष्य स्वतःजवळचा क्रमांक घातलेला दुवा आपणांस धाडतो. त्यावरून आपण परवलीचा शब्द देऊन आंत गेलों, कीं तोच क्रमांक आपली ओळख ठरतो. आणि तो त्याच्यापाशीं आधींच असतो! म्हणून प्रवेश होतांच क्रमांक बदलणें, बाहेरून आलेला अनोळखी क्रमांक न स्वीकारणें व थोड्या अवधीनें तो रद्द करणें, हें संकेतस्थळ रचणारांचें कर्तव्य होय. पीएचपीच्या चालकांनीं तर २०२४ सालच्या ८.४ या आवृत्तींत पत्त्यांतून क्रमांक नेण्याची सोय त्याज्य ठरविली, हें योग्यच झालें.

आमच्या मतें भय बाळगावयाचें तें आपल्यामागें हिंडून टेहळणी करणाऱ्या परक्या कुकीचें. ज्या दुकानांत आपण गेलों त्याच्या स्वतःच्या कुकीचें नव्हे. पहिली बंद करावी, दुसरी राहूं द्यावी. दुवा धाडण्यापूर्वीं त्याचें शेपूट पाहावें, आणि काम होतांच रीतसर ‘लॉगआउट’ करावें, म्हणजे चांगल्या संकेतस्थळावर तो क्रमांक तेथेंच निकामी होतो. गुप्ततेच्या हव्यासापायीं घरची किल्लीच उंबऱ्याबाहेर टांगण्यांत शहाणपण कोणतें?