तपासणीची धास्ती

महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ साली बांधलेला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, हे सरकारनेच नंतर सांगितले. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला. स्ट्रक्चरल ऑडिटने त्याला फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. आपल्याकडे तपासण्या होत नाहीत, ही तक्रार म्हणूनच अर्धी खरी आहे. तपासणी होते, पण तिच्यातून खरे बाहेर येत नाही. हे का घडते, याचा शोध काँक्रीटइतकाच माणसांच्या मनातही घ्यावा लागेल.

बांधकाम उपविभागात गुणनियंत्रण पथक येणार असे कळले की वातावरण बदलते. तपासणी हा शब्द तिथे चौकशी असाच ऐकू येतो. एकेका शाखा अभियंत्याकडे अनेक कामे असतात. मोजमाप पुस्तिका, देयके, संकेतस्थळावर चढवायची छायाचित्रे, लोकप्रतिनिधींचे फोन आणि मार्चअखेरचा खर्च हे सगळे त्यालाच सांभाळायचे असते. अशा माणसाने प्रतिकूल शेरा लिहिला की देयक अडते, ठेकेदार वरच्या दारी जातो आणि पहिला प्रश्न शेरा लिहिणाऱ्यालाच विचारला जातो : ‘हे आधी का दिसले नाही?’ दोष दाखवणाराच संशयित ठरत असेल, तर रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिणे हाच शहाणपणा होतो.

खरे लिहिल्यावरही काही हलत नाही, हा अनुभव तर त्याहून घातक. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे नटबोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सहायक अभियंत्याने २० ऑगस्ट २०२४ रोजी नौदलाला कळवले. सहाच दिवसांत पुतळा कोसळला. मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल धोकादायक असल्याचा फलक लागलेला होता, तरी त्यावरची गर्दी थांबली नाही. १५ जून २०२५ रोजी तो पडला आणि चार जणांचा जीव गेला. इशारा आणि कृती यांच्यामधली ही पोकळी वर्षानुवर्षे पाहणारा कर्मचारी हळूहळू एकच धडा घेतो : पत्र पाठवावे आणि जावक क्रमांक जपून ठेवावा. उद्या काही घडले तर ‘आम्ही कळवले होते’ एवढे म्हणता आले म्हणजे झाले. लोकांच्या रक्षणासाठी असलेला अहवाल अशा रीतीने लिहिणाऱ्याच्या बचावाचा कागद बनतो.

यातून कोणाला पाठीशी घालण्याचा हेतू नाही. खोटी मोजमापे नोंदवणारा अभियंता आणि न पाहता दाखला देणारा लेखापरीक्षक यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण लबाडी आणि प्रामाणिक नोंद यांना एकाच तराजूत तोलले, तर नोंदच बंद होते. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना आपल्या चुका नाव गुप्त ठेवून कळवता येतात आणि त्या माहितीतून पुढचे अपघात टाळण्याचा प्रयत्न होतो. आपल्याकडेही आतल्या आवाजाचे मोल दिसले आहे. जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांतील अनियमिततेविषयी पत्रे लिहिली. त्याच वर्षी सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली आणि पुढे चितळे समितीही नेमावी लागली.

तेव्हा सुधारणा तपासणीनंतरच्या टप्प्यात हवी. प्रत्येक पुलाचा पावसाळापूर्व अहवाल छायाचित्रांसह जनतेसमोर ठेवावा. धोक्याची नोंद मिळताच वरिष्ठाने ठरावीक दिवसांत दुरुस्तीचा किंवा वाहतूक बंद करण्याचा आदेश द्यावा. दोन्ही करायचे नसेल, तर कारण आपल्या सहीने लिहावे. वेळेत इशारा देणाऱ्यावर दुर्घटनेनंतर निलंबनाची कुऱ्हाड पडणार नाही, अशी हमी नियमातच असावी. ज्या विभागाचे काम तपासायचे, त्याच विभागाने तपासनीस निवडायचा आणि त्याचे शुल्कही द्यायचे, ही पद्धत थांबवावी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बाहेरचे राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक रस्ते पाहतात. तो पायंडा राज्याच्या पुलांना आणि इमारतींनाही लावता येईल. कनिष्ठांना वेळ, साधने आणि प्रशिक्षण देणे हा यातला सर्वांत स्वस्त भाग आहे.

मे महिन्यात पुलाखाली उतरलेल्या शाखा अभियंत्याला भेग दिसली, तर ती लिहिताना त्याचा हात थबकू नये, एवढी व्यवस्था सरकारने करावी. ऑगस्टमधल्या पावसाळी रात्री त्याच पुलावरून भरलेली एसटी जाणार असते.