खाटेजवळचा केसपेपर आता हातातल्या पडद्यावर

रुग्णाच्या खाटेला अडकविलेला केसपेपर हे आपणां सर्वांच्या परिचयाचे दृश्य. ते आता हळूहळू मागे पडत आहे. शहरांतील अनेक रुग्णालयांत डॉक्टर व परिचारिका टॅबलेट किंवा मोबाईल घेऊन वॉर्डात फिरतात आणि तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या मात्रा, ॲलर्जीची नोंद खाटेजवळच पाहतात. केंद्र शासनाने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामुळे, रुग्णाची संमती असल्यास, एका रुग्णालयातील नोंदी दुसऱ्या रुग्णालयास पाहता येतात.

या सोयीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला डॉक्टरांचे अक्षर लावत बसावे लागत नाही आणि एक्स-रे शोधण्यासाठी नातेवाइकांना धावाधाव करावी लागत नाही. मात्र संगणकावर सर्वस्वी विसंबणे किती महाग पडते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये दिसले. सायबर हल्ल्यात तेथील पाच सर्व्हर निकामी झाले आणि कित्येक दिवस नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम पुन्हा कागदावर करावे लागले.

असे हल्ले रोखणे तज्ज्ञांचे काम आहे. आपला संबंध येतो तो त्याहून साध्या प्रश्नाशी : वॉर्डातील तो मोबाईल कोणाचा? रुग्णालयाच्या मालकीच्या उपकरणावर कोणी, केव्हा, कोणती नोंद उघडली याचा माग ठेवता येतो. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर काढलेले अहवालाचे छायाचित्र मात्र घरच्या छायाचित्रांत मिसळून जाते. डॉ. सिस्टर मेरी ग्लोरी यांनी १९४३ साली गुंटूर येथे कॅथोलिक रुग्णसेवेची जी संघटना उभी केली, तिच्या परिवारात खेड्यापाड्यांतील लहान दवाखाने मोठ्या संख्येने आहेत. अशा दवाखान्यांना प्रत्येक वॉर्डासाठी स्वतंत्र टॅबलेट घेणे सहजी परवडणारे नाही. तेथे स्वतःचा फोन वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे आणि व्यवस्थापनाने त्याची आधीच दखल घेतली पाहिजे.

संमतीचेही तसेच. संमतीसाठीचा सांकेतिक क्रमांक नोंदविलेल्या मोबाईलवर येतो. आपल्या घरांतील कित्येक आजींच्या नावे मुलाचा वा सुनेचा क्रमांक दिलेला असतो. मग आजीबाईंच्या आजाराची माहिती कोणाला दाखवायची, हे प्रत्यक्षात मुलगा ठरवितो. तिला कोणी विचारतही नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील प्रमुख जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. रुग्णालयांना त्याप्रमाणे वागावे लागेल. परंतु व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. आपली गफलत नेमकी येथेच होते. भेटीला गेलेला नातेवाईक अहवालाचे छायाचित्र टिपतो, ‘प्रार्थना करा’ असे लिहून धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि संध्याकाळपर्यंत कर्करोगाची बातमी गावभर होते. हेतू निर्मळ असतो, हे मान्य. पण ज्या ख्रिस्तसभेत धर्मगुरू पापनिवेदनाचे गुपित प्राणांतीही उघड करीत नाही, तिच्याच सदस्यांनी आजाऱ्याचे गुपित इतक्या सहजपणे वाटावे, हे विसंगत आहे. विवाह ठरत असलेल्या मुलीच्या किंवा नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाच्या वाट्याला त्याचे परिणाम येतात.

११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनी आपल्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी खास मिस्सा होते. त्या निमित्ताने धर्मग्राम परिषदांनी गटांवर वैद्यकीय कागद न टाकण्याचा नियम करावा आणि आजाऱ्याला विचारूनच त्याचे नाव वाचावे. ज्येष्ठांचा ‘आभा’ क्रमांक कोणाच्या मोबाईलशी जोडला आहे, तेही घरोघरी एकदा तपासून घ्यावे.