देशाचे गाणे कोणी निवडावे?

युरोपातील देशांची 'युरोव्हिजन' ही गीतस्पर्धा १९५६ पासून चालू आहे. तिथे पाठवायचे गाणे कोणी निवडावे? जनतेने, असे उत्तर चटकन येते. मला ते पुरते पटत नाही.

पोर्तुगालचेच पाहा. १९६४ साली हा देश या स्पर्धेत प्रथम उतरला. पण अर्धशतक उलटले तरी पहिला क्रमांक मिळाला नव्हता. २०१७ च्या तिथल्या निवडफेरीत निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे प्रेक्षकांचे होते. प्रेक्षकांची पहिली पसंती दुसऱ्याच गाण्याला होती. साल्वादोर सोब्रालचे गाणे संथ, पोर्तुगीज भाषेतले, बहिणीने रचलेले. ना नाच, ना झगमगाट. परीक्षकांच्या कौलामुळे तेच कीव्हला गेले आणि ७५८ गुण मिळवून जिंकले. गंमत म्हणजे, तिथे युरोपभरच्या प्रेक्षकांनीही त्यालाच सर्वाधिक गुण दिले!

घरचे लोक 'मला काय आवडले' यापेक्षा 'बाहेर काय चालेल' याचाच हिशेब करतात, अशी माझी शंका आहे. जाणकारही चुकतात, हे खरे. म्हणून कौल दोघांचाही हवा. पण प्रश्न मात्र दोघांनी एकच विचारावा : हे गाणे आपले आहे का?