वाऱ्याचा पंख आणि चाकांची फळी

चैत्र-वैशाखांत आमच्या हिंगोलीकडे तिसऱ्या प्रहरीं जो वारा सुटतो, त्याचा उपयोग खळ्यावर धान्य उफणण्यापुरताच आम्हांस ठाऊक होता. आतां त्याच वाऱ्यावर स्वार होण्याची एक नवी कला निघाली आहे. पायाखालीं चार रबरी चाकांची लांब फळी आणि हातांत हवा भरून ताठ केलेला कापडी पंख, एवढेंच तिचें साहित्य. फळीस लँड बोर्ड व पंखास विंग म्हणतात. पंखास पतंगासारखी दोरी नाहीं, शिडासारखी डोलकाठीहि नाहीं. स्वार तो आपल्या दोन हातांनींच धरतो.

पाण्यावरील खेळांत हा पंख २०१९ च्या सुमारास प्रचारांत आला. परंतु जमिनीवर वारा जुंपण्याची हौस पुष्कळ जुनी आहे. १६०० च्या सुमारास सायमन स्टीव्हिन या गणितज्ञानें हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर राजपुत्र मॉरिस याजकरितां शिडाची गाडी चालविली. ब्रिस्टलचा शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यानें १८२६ सालीं पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें. या गृहस्थानें तत्पूर्वीं आपली मुलगी मार्था हिलाच खुर्चींत बसवून पतंगाच्या बळावर आकाशांत चढविलें होतें! हीच मार्था पुढें सुप्रसिद्ध क्रिकेटपटु डब्ल्यू. जी. ग्रेस यांची माता झाली.

ही हकीकत आमच्या घरांत फार उपयोगी पडली. कारण हा खेळ शिकण्याचा हट्ट पुतण्याचा नसून पुतणीचा होता. "पोरीच्या जातीनें हातपाय मोडून घ्यावे काय?" असें ती. मातोश्रींनीं विचारतांच ती म्हणाली, "आणि दादानें मोडून घेतले तर चालतील का, आजी?" यावर मातोश्री कांहीं वेळ गप्प राहिल्या, व मग शिरस्त्राण, कोपर-गुडघ्यांचीं व मनगटांचीं कवचें आधीं घरांत येऊं द्या, मग पाहूं, असें म्हणाल्या. आमच्या मतें ही अट अगदीं रास्त आहे. पाण्यावर पडणारा भिजतो. मुरमावर पडणारा सोलून निघतो.

शिकणाराची पहिली समजूत अशी असते कीं, वारा जिकडे नेईल तिकडे जावयाचें. तसें नाहीं. वारा एका बाजूनें अंगावर घेऊन आडवें जावयाचें असतें. चाकें पुढें फिरतात, पण बाजूस सरकत नाहींत. म्हणून बाजूचा रेटा पुढें निघतो. ओला चिंचोका चिमटींत दाबला असतां सुटकन् पुढें उडतो, तोच हा न्याय. फळीस वेग आला म्हणजे वारा समोरून येतोसा वाटतो व पंखाचा कोन थोडा बदलावा लागतो. नवशिका गोंधळतो तो बहुधा येथेंच.

याकरितां पहिले कांहीं दिवस फळीस हातहि लावूं नये. नुसता पंख डोक्यावर धरून मैदानांत चालावें. मागील हात ओढला कीं जोर भरतो, सैल सोडला कीं ओसरतो, हें हातांना आपोआप कळूं लागलें पाहिजे. घाबरल्यावर मूठ आवळण्याची मनुष्याची संवय असते. येथें तीच घातक, कारण मूठ सोडणें हाच येथला ब्रेक. सोडलेला पंख मनगटाच्या आखूड पट्ट्यास निशाणासारखा फडफडत राहतो, पळून जात नाहीं. जमिनीवर थोड्या जोरानेंहि फळी धांवते. सबब पंख लहानच घ्यावा.

जागेचा प्रश्न मात्र आमच्याकडे अवघड आहे. कयाधूकांठची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, आणि चाक भेगेंत अडकलें कीं स्वार पुढें व फळी मागें! वसमतच्या बाजूस मोकळ्या जागीं हळद वाळत असेल तर तेथें पाऊलहि टाकूं नये. तें कोणाचें तरी वर्षाचें पीक असतें. वळिवाचे ढग दिसतांच पंखांतील हवा काढून घर गाठावें. त्यांतील वारा क्षणांत दिशा बदलतो आणि विजेचें भय निराळेंच. खरा जोमदार, एकसारखा वारा आषाढांत मिळतो, पण तेव्हां काळी माती चाकांस घट्ट धरून ठेवते. तेव्हां माळावरील एखादी मुरमाड, निचऱ्याची पट्टी मालकास विचारून आतांच पाहून ठेवावी. आम्हीहि सध्यां त्याच शोधांत आहों.