मग तो कसा चालतो?

रविवारची सकाळ, साडेसातचा सुमार. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या एका नाक्यावर पावत्या फाडणं चाललं होतं. रांगेत आमच्यापुढे एक चौकोनी कुटुंब होतं. आई, बाबा, नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि चौथा कोन म्हणजे सोनेरी केसांचा, चारही पायांत लाल बूट घातलेला गोल्डन रिट्रीव्हर. पावती फाडणाऱ्या पोरानं बुटांकडे जरा कौतुकानं पाहिलं आणि म्हणाला, "कुत्रं नाय नेता येणार, साहेब."

बाबांनी पट्टा दाखवला. आईनं मोबाइलवर लसीकरणाचं पुस्तक उघडलं. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर, सगळ्या सुया वेळच्या वेळी टोचलेल्या. पोरगा ऐकेना. तेवढ्यात शेजारच्या टपरीच्या बाकाखालून एक तांबूस गावठी कुत्रा अंग झाडत उठला, आळस दिला आणि पुढे निघालेल्या एका ग्रुपच्या मागोमाग शेपटी हलवत आडव्या बांबूखालून सरळ आत गेला. ना पट्टा, ना पावती.

"मग तो कसा चालतो?" मुलीनं विचारलं.

"तो हितलाच हाय," पोरगा म्हणाला.

बाबांनी आमच्याकडे वळून 'बघा आता' असे हात केले. मी मध्ये पडले नाही. त्या पोराचा निर्णय मला पटला होता, पण त्यानं दिलेलं कारण पटलं नव्हतं. आणि पाठीवरच्या सॅकमध्ये त्या तांबूस कुत्र्यासाठीच घेतलेला बिस्किटांचा पुडा होता, हेही इथेच कबूल केलेलं बरं.

माझं मत सरळ आहे. अभयारण्यातल्या पायवाटेवर घरचा कुत्रा नको. पट्टा असला तरी नको. हे वाचून काही वाचकांचे फोन येणार हे गृहीत धरते. 'तुम्हाला कुत्र्यांची माया नाही' असं पूर्वी एकदा ऐकून घेतलं आहे. आमच्या घरी तेरा वर्षं चिंगी होती. रस्त्यावरून उचललेली, एक कान कायमचा वाकडा. तिला मी सह्याद्रीत खूप फिरवलं आणि भीमाशंकरच्या जंगलातही एकदा घेऊन गेले. त्या दिवसाची गोष्ट सांगायला हवी.

मे महिन्याचा शेवट होता. पाऊस आला नव्हता, सड्यावरचं गवत वाळून कुरकुरीत झालेलं. चिंगी पट्ट्यातच होती, पट्ट्याचं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलेलं. एका करवंदीच्या जाळीशी ती थबकली, नाक खाली गेलं, आणि पाचोळ्यातूनच पाचोळ्याच्या रंगाचा एक पक्षी फडफडत उठला. उडेना, नुसता जमिनीवरून घासत, एक पंख लोंबकळत चालला. "अरे, जखमी आहे," म्हणत आम्ही चौघं त्याच्या मागे गेलो. पन्नासेक पावलांवर तो ठणठणीत बरा होऊन उडून गेला. आम्ही हसलो. मग तिथेच सावली बघून डबे उघडले, चिंगीला पोळी घातली आणि अर्धा-पाऊण तास आडवे झालो.

तो रातवा होता हे पुढे दोन वर्षांनी पक्ष्यांबरोबर जन्म काढलेल्या एका मित्रानं सांगितलं. रातवा घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो आणि दिवसभर त्यांच्यावर बसून राहतो, इतका बेमालूम की पाय पडेपर्यंत दिसत नाही. मोडक्या पंखाचं सोंग हे शत्रूला अंड्यांपासून दूर नेण्यासाठी. "तुम्ही जेवलात किती वेळ?" मित्रानं विचारलं. मे महिन्याचं ऊन आणि उघडी पडलेली अंडी. पुढचं तो बोलला नाही. चिंगीनं त्या पक्ष्याला दातही लावला नव्हता. पट्टा एकदाही सुटला नव्हता.

म्हणून 'आमचा काही करत नाही हो' या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही. कुत्रा काय करतो यापेक्षा रानाला तो कोण वाटतो हा प्रश्न मोठा. ससा, भेकर, पिसोरी, रानकोंबडा यांच्या लेखी माणसामागून चालणारा तो चार पायांचा प्राणी म्हणजे लांडग्याचा भाऊबंद. लाल बूट त्यांना कळत नाहीत. ऑस्ट्रेलियात पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी सिडनीच्या परिसरातल्या जंगलवाटांवर हे मोजून पाहिलं. २००७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पट्ट्यातला कुत्रा वाटेवरून नुसता चालवत नेला, तर आसपास दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी घटली. जिथे रोज कुत्रे फिरवतात तिथेही हाच परिणाम. म्हणजे 'सवय होते हो त्यांना' हेही खरं नाही.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष लपवला तर अप्रामाणिकपणा होईल. नुसती माणसं चालली तरी पक्षी बिथरतात. कुत्र्यामुळे बिथरतात त्याच्या निम्म्याहून कमी, पण बिथरतात. त्यामुळे 'हजार माणसं चालतात, स्पीकर वाजतात, मॅगीचे कागद उडतात, आणि एक कुत्रा तुम्हाला खुपतो?' हा टोमणा मला लागतो. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांची जी माळ लागते ती बघून काजव्यांचीच कीव येते. स्पीकर आधी बंद व्हावेत, कबूल. पण घरात पाणी शिरलंय म्हणून आणखी एक नळ उघडा ठेवायचा नसतो.

बाहेरच्या देशांत या बाबतीत फार घोळ घालत नाहीत. स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय उद्यान १९१४ सालचं. तिथे कुत्र्याला पट्ट्यानंही प्रवेश नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्रा वाहनतळ, डांबरी रस्ता आणि तंबूच्या जागेपर्यंत. अकेडियासारखी थोडी उद्यानं पायवाटा खुल्या ठेवतात, पण पट्टा सहा फुटांच्या आत. न्यूझीलंडवाल्यांचे हात तर पोळलेलेच आहेत. १९८७ साली वैतांगीच्या जंगलात एका सुटलेल्या जर्मन शेफर्ड कुत्रीनं काही आठवड्यांत पाचशेच्या आसपास किवी मारले असावेत, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. ती एकटी होती. भुकेली नव्हती, खेळत होती.

इथवर लाल बूटवाल्याचं झालं. त्याला परत पाठवणं सोपं आहे. शिवाय राजगड, तोरणा, लोहगड, विसापूर हे किल्ले अभयारण्यात नाहीत. पट्टा धरून, विष्ठा पिशवीत उचलून तिथे खुशाल जावं. अवघड आहे तो तांबूस.

तो 'हितलाच' आहे का? गावचा कुत्रा गावचा असतो, यात वाद नाही. ठाकर-महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर रानडुकरांपासून पीक राखायला कुत्रा लागतो, धनगराच्या मेंढरांना लागतो. तो उंबरठ्याशी बांधलेला जीव आहे. भाकरीचा तुकडा मिळतो, रात्री भुंकतो, गावाच्या शिवेत राहतो. आणि त्याची किंमत गाव मोजतं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या होत्या. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. बिबट्याला तिथली माणसं वाघच म्हणतात आणि वाघबारशीला त्याची पूजाही करतात. टोलार खिंडीत दगडात कोरलेला वाघ आजही शेंदूर लावून बसलेला आहे. कुत्रा, वाघ आणि माणूस यांचा हा हिशेब जुना आहे, त्यात शहरानं नाक खुपसू नये.

पण बाकाखालून उठून ग्रुपमागे जाणारा तो कुत्रा या हिशेबात बसत नाही. त्याला घर नाही, राखण नाही. तो आपण घडवलेला आहे. शनिवारी सकाळी ग्रुप येतो, बिस्किटं मिळतात, तो वरपर्यंत सोबत करतो. आपल्याला वाटतं, काय हे निर्व्याज प्रेम! फोटो निघतो, 'आमचा गाइड' असं शीर्षक पडतं. वर गुहेपाशी पिठलं-भाकरीचे उरलेले तुकडे, रात्री तंबूच्या कडेला ऊब. रविवारी दुपारी ग्रुप उतरतो, आणि असे दोन-तीन कुत्रे वरच राहतात, कारण पुढच्या शनिवारी पुन्हा कुणीतरी येणारच असतं. दोन दिवस पाहुणचार, पाच दिवस उपास. त्या पाच दिवसांत ते काय खातात, हे कधी पाहिलंय कुणी?

मी एकदा बुधवारी वर मुक्काम केला होता. गडावर चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी कारवीतून तीन कुत्रे एकामागोमाग बाहेर आले. शनिवारी ज्यांना मांडीवर घेऊन फोटो काढतात तेच. पुढच्याच्या तोंडात सशाचं पिल्लू होतं. माझ्याकडे बघून त्यानं शेपटी हलवली.

बंगळुरूच्या 'एट्री' संस्थेतल्या संशोधकांनी देशभरातून अशा नोंदी गोळा केल्या होत्या. कुत्र्यांनी हल्ला केलेल्या रानजीवांच्या ८० जाती नोंदवल्या गेल्या. त्यांतल्या ३१ धोक्यात आलेल्या. जवळपास निम्म्या घटना संरक्षित जंगलांत किंवा त्यांच्या काठावर घडलेल्या.

दातांहून वाईट आहे तो रोग. १९९४ साली सेरेंगेटीत डिस्टेंपरच्या साथीत तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. भोवतालच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांकडे बोट दाखवलं गेलं. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या गीरमध्ये दलखाणिया भागात २३ सिंह गेले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला आणि उरलेल्यांसाठी अमेरिकेहून लस मागवावी लागली. अकोल्याचा बिबट्या तर कुत्रा चावून सोडत नाही, खातो. आजारी कुत्रा त्याला आधी सापडतो. आणि इथे त्या नाक्यावरच्या मुलीचा प्रश्न खरा टोचतो: ज्याच्या सगळ्या सुया टोचलेल्या आहेत तो बाहेर, आणि ज्याला जन्मात एक सुई लागलेली नाही तो आत.

कायद्यात यावर तरतूद आहे, असं कुणी सांगेल. आहे खरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३३-अ म्हणतं की अभयारण्यातल्या आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पशुधनाला संसर्गजन्य रोगांच्या लसी द्याव्यात. उत्तम. मग पशुधन म्हणजे काय ते त्याच कायद्याच्या व्याख्येत वाचावं. म्हैस आहे, उंट आहे, गाढव, शेळी, मेंढी, खेचर, याक, डुक्कर, बदक, हंस, कोंबडी, इतकंच काय त्यांची पिल्लंही आहेत. सह्याद्रीत याकला सुई टोचण्याची सोय कायद्यानं केली आहे. त्या यादीत कुत्रा नाही.

नाक्यावर पावतीचे पैसे घेतले जातात. त्यातला एक वाटा बाजूला काढून पायथ्याच्या वाड्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला वर्षातून एकदा लस आणि एकदाची नसबंदी, एवढं करायला नवा कायदा लागत नाही. पशुवैद्यक, एक जीप आणि दोन दिवस लागतात. मोठे ट्रेकिंग ग्रुप दर मोसमात शेकडो माणसं नेतात, त्यांनी एक रविवार गड चढण्याऐवजी वाडीत कुत्रे धरायला द्यावा. कुत्रे धरणं गड चढण्याइतकं सुंदर दिसत नाही, हे मान्य आहे. आणि गडावर मुक्कामाला राहिलेले कुत्रे खाली आणायचे, ते फक्त एकाच उपायानं येतील: वर खाणं बंद. या उपायाचा पहिला महिना बघवणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. उपाशी कुत्रा तुमच्या डोळ्यांत बघत बसेल आणि तुम्हाला भाकरी एकट्यानं खावी लागेल.

परवा पुन्हा त्याच वाटेनं गेले. नाक्यावर तोच पोरगा होता. टपरीच्या बाकाखाली तांबूस दिसेना. चहा गाळणाऱ्या मावशींना विचारलं.

"त्यो व्हय? नेला ना वाघानं. वर तंबूपाशी निजला व्हता म्हनं, पोरांच्या."

चहा देता देता त्यांनी पायानं बाकाखालचं एक खोकं पुढे सरकवलं. आत दोन महिन्यांचं काळं पिल्लू, पोट टम्म. शेजारच्या बरणीत पाच रुपयांवाले बिस्किटांचे पुडे होते.

"घ्या ना ताई एक," मावशी म्हणाल्या. "त्याला घाला. मग येतंय संगं."