निवड ग्राहकाची, जबाबदारी कुणाची?

शहरांतील स्पा आणि पार्लरांच्या पाट्यांवर आज 'डीप टिश्यू मसाज' हे शब्द दिमाखाने झळकत असतात. कंबर धरलेल्या, खांदे आखडलेल्या माणसाला सल्ला मिळतो तो असा की, मालिश करणारा नीट पारखून निवडावा. सल्ला शहाणपणाचा वाटतो. परंतु ज्याच्या हाती पारखण्याचे साधनच नाही, त्याच्यावर निवडीचा भार टाकणे म्हणजे शासनाने आपली जबाबदारी झटकणे होय.

खोल दाबाची ही मालिश म्हणजे केवळ तेल चोळणे नव्हे. बोटे, मूठ आणि कोपर यांच्या दाबाने स्नायूंच्या आतील थरांपर्यंत पोहोचण्याचा तो प्रयत्न असतो. तिने काही काळ आराम पडतो, हे खरे. मात्र पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. हाडे ठिसूळ झालेल्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हाच दाब घातक ठरू शकतो. 'जितके दुखेल तितका गुण येईल' ही समजूत तर निव्वळ अंधश्रद्धा आहे. जो हात लावण्यापूर्वी आजार व औषधे विचारतो, मानेच्या पुढच्या भागावर जोर देत नाही, 'थांबा' म्हणताच थांबतो आणि हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर डॉक्टरकडे पाठवतो, तोच विश्वासास पात्र. हाड बसवून देण्याची वा आजार मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

परंतु एवढे प्रश्न विचारण्याचे बळ किती जणांपाशी असते? 2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीची तरतूद केली. केवळ मालिश करणाऱ्यास मात्र देशभर लागू असा कोणताही परवाना सक्तीचा नाही. जपानने 1947 सालीच या व्यवसायाचा कायदा केला. तेथे आज मान्यताप्राप्त संस्थेत किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आवश्यक आहे. एवढेच नव्हे, तर अंधांची उपजीविका टिकावी म्हणून डोळसांसाठीच्या नव्या मालिश-शाळांवर निर्बंध घालण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि 2022 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. विनापरवाना दुकाने तेथेही आहेत. पण परवाना कुणाजवळ आहे, हे ग्राहकाला विचारता तरी येते.

यावर आक्षेप येईल की, परवान्याने गरीब मालिशवाल्याच्या पोटावर पाय येईल. आक्षेप रास्त आहे. तालमीतील वस्ताद, पिढ्यान्‌पिढ्या चंपी-मालिश करणारा नाभिक, चौपाटीवर तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारा मालिशवाला यांच्या हातातील कसब जातीचे काम म्हणून समाजाने हलके लेखले. तेच कसब वातानुकूलित खोलीत इंग्रजी नावाने महाग विकले जाते, आणि तेथे राबणाऱ्या हातांना त्यातला किती वाटा मिळतो? म्हणूनच नोंदणी हवी ती अनुभवाला मान देणारी, मराठीतून तोंडी परीक्षा घेणारी आणि सरकारी खर्चाने शरीररचनेचे प्रशिक्षण देणारी. पदवीधरांची नवी मक्तेदारी नको.

हे अशक्य नाही. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा करून विखुरलेल्या हमालांची नोंदणी करणारी मंडळे उभी केली. जे हमालासाठी साधले, ते मालिशवाल्यासाठी का साधू नये?

आणि शेवटी मूळ दुखण्याकडेही पाहिले पाहिजे. एका प्रौढ पुरुष कामगाराने वाहावयाचे कमाल वजन 55 किलोपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 सालीच केली. पाठीवरचे ओझे न उतरवता त्याच पाठीला मालिशीचा सल्ला देणे, ही दयाबुद्धी नव्हे, क्रूर थट्टा आहे. ओझ्याला मर्यादा आणि मालिशवाल्याला नोंदणी, या दोन्ही मागण्या कार्यकर्त्यांनी एकत्रच लढवल्या पाहिजेत.